उसनी हजेरी

बाभुळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत खोटं बोलणाऱ्याला छडी नव्हती. त्याला दिवसभर म्हाळसाबाईंच्या टेबलाशेजारी उभं राहावं लागे, आणि जो कोणी शाळेत पाऊल टाकील त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागे, "मी खोटं बोललो." पोस्टमन आला, सांगा. बाजाराहून परतणारी म्हातारी पाणी प्यायला थांबली, तिला सांगा. सरपंचाच्या पोरानं एकदा पाटी फोडून दुसऱ्यावर ढकललं, तर बाईंनी त्याला खुद्द सरपंचासमोर हे वाक्य म्हणायला लावलं. गावात लोक म्हणत, छडी परवडली, बाईंचं टेबल नको.

बाई मेंढपाळाच्या घरच्या. बाप गंगापूर तालुक्यात मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. पोरगी हुशार निघाली म्हणून तिला शहागंजात घोंगड्या विकणाऱ्या आत्याकडं ठेवली. दुकानाच्या ओट्यावर लोकरीच्या गठ्ठ्याला टेकून तिनं मॅट्रिक केलं, मग डी.एड. केलं, आणि त्या सगळ्या भावकीत पगारावर सही करणारी पहिली बाई ठरली. धाकट्या भावाला, भिकनला, तिनंच शिकवलं. बी.ए. झाला, बी.एड. झाला, आणि घरी बसला. नोकऱ्या कुठं झाडाला लागल्या होत्या?

ही गोष्ट शहाऐंशी सालची. तोवर वाळूजकडं कारखान्यांची एकच धांदल उडाली होती. काल ज्या माळावर बाईंचे चुलते मेंढरं बसवत होते, तिथं लोखंडी खांब उभे राहात होते, आणि खांबांच्या आसऱ्यानं झोपड्या. बाभुळवाडीच्या कडेला अशी एक वस्ती झाली. तिथं मोतीराम आणि मनकर्णाबाई राहायला आले ते परभणीकडून. अठ्ठ्याहत्तरला नामांतरावरून गावोगाव घरं पेटली, त्यात त्यांचंही पेटलं. पाच वर्षांची पोरगी काखेला मारून दोघं रात्रीतून निघाले, ते इथं थांबले. मोतीराम कारखान्यांच्या बांधकामावर सिमेंटच्या गोण्या वाहायचा. नामांतराचा मोर्चा निघाला की काम सोडून जायचा. एकदा आठ दिवस हर्सूलच्या जेलात बसून आला आणि दुसऱ्या दिवशी परत गोणी उचलली.

त्यांची पोरगी कडूबाई. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हिला दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. शहाऐंशीत ती सातवीला होती. बाईंनी वीस वर्षांत पाहिलेल्या पोरांत गणिताला अशी दुसरी नव्हती. बाई फळ्यावर उदाहरण लिहीत असायच्या आणि मागून कडूबाईचा आवाज यायचा, "झालं, बाई."

"अगं, मला लिहू तर दे!"

"लिवा की. मी कुठं नाय म्हन्ते?"

पण जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. पुढं काय? वाळूजचं हायस्कूल सात किलोमीटर. पोरं सायकलीवर जात. पोरींना कोण धाडतो? मोतीराम तर मुळीच धाडणार नव्हता. ज्यानं एकदा घर जळताना पाहिलंय तो वयात येणाऱ्या पोरीला सात किलोमीटर परक्या रस्त्यानं पाठवत नाही, आणि त्याला कोणी शहाणपण शिकवूही नये.

म्हणून बाईंची सगळी आशा मल्हाररावांच्या शाळेवर होती. मल्हारराव बाईंचे चुलतमामा. लासूर स्टेशनला त्यांची अडत होती, कारखान्याला जमीन देऊन हाती पैसा आला होता. त्यांनी संस्था काढली आणि बाभुळवाडीतल्याच स्वतःच्या वावरात पत्र्याचं शेड ठोकून आठवी ते दहावीचं हायस्कूल सुरू केलं. माणूस वाईट नव्हता. गावच्या पोरींनी शिकावं असं त्याला मनापासून वाटायचं, फक्त गाव म्हणजे कोण हे त्याचं ठरलेलं होतं.

आता ही संस्थेची शाळा म्हणजे काय ते सांगणं आलं. हायस्कुलं काढायला सरकारकडं ना उत्साह ना सवड, म्हणून सरकार म्हणायचं, तुम्ही काढा, चालवून दाखवा, पटावर पोरं दाखवा, मग मास्तरांचा पगार आम्ही देतो. म्हणजे पगार जनतेच्या पैशातून, आणि दारात कोणाला घ्यायचं ते ठरवणार संस्थाचालक. पुष्कळ चांगल्या शाळा अशाच उभ्या राहिल्या, हेही खरं. पण अनुदान मिळेपर्यंत तिथले मास्तर फुकट राबत. भिकन त्या पत्र्याखाली तीन वर्षं फुकट राबत होता. त्याचं लग्न त्यावर अडलं होतं, आईचं औषध त्यावर अडलं होतं, आणि तो स्वतः हसायचा विसरला होता.

फेब्रुवारीत एका शनिवारी मल्हारराव बाईंच्या शाळेत आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हाळसे, मंगळवारी अनुदानाचं पथक येतंय. आठवीच्या पटावर चाळीस पोरं हायती."

"आणि बसायला?"

"अठरा."

"मग अठरा दाखवा."

"अठरा दाखवले तर अनुदान गेलं. अनुदान गेलं की भिकन गेला. तुझी सातवी दे एक दिवसापुरती. बावीस पोरं."

बाईंनी खडू खाली ठेवला. "मामा, हे मला सांगताय? मला?"

"अगं, असं काय नवं सांगतोय? सोयरिकीला पाव्हणे यायचे म्हनलं की तुझा बाप काय करायचा? शेजारच्या वाड्यातली मेंढरं आपल्या वाड्यात घालायचा. पाव्हणे बघायचे, लई मोठा कळप, म्हनायचे. पाव्हणे गेले की मेंढरं परत. तुझं लगीन असंच जमलं, इचार तुझ्या आईला. कोणाचं काय गेलं?"

खरं होतं ते. त्यांच्या माणसांत ही रीतच होती. मेंढरं उसनी द्यायला कोणी नाही म्हणत नसे, कारण उद्या आपल्याही घरी पाहुणे यायचेच. कळप दाखवणं हे खोटं बोलणं आहे असं कोणी कधी धरलंच नव्हतं. बाईंना हसू आलं. तिथंच चुकलं. माणूस हसला की निम्मा कबूल झालेला असतो.

"पोरं म्हणजे मेंढरं नाहीत, मामा."

"व्हय की. मेंढरं बोलत नाहीत. ही बोलतील, म्हनून तर तुझ्याकडं आलो. तुझं ऐकतील. आन जूनला ही बावीसच्या बावीस माझ्याच शाळेत येणार हायती. आज ना उद्या आमचीच. चार महिने आधी बसली, एवढंच."

"बावीसच्या बावीस? वस्तीवरची पण?"

"बावीस म्हनलं ना!"

बाईंनी हे वाक्य घट्ट धरून ठेवलं. आपण भावासाठी करतोय असं त्यांनी स्वतःला म्हटलं नाही. कडूबाईसाठी करतोय असं म्हटलं. लाज वाटण्यासारखं काम करताना माणूस नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी भलं पुढं करतो.

पटावरची ती बावीस नावं हवेतली नव्हती. सातवी होऊन लग्नं झालेल्या पोरी, मेंढरांमागं गेलेले पोरगे, त्यांची नावं तशीच चालू ठेवलेली. सोमवारी बाईंनी प्रत्येकाला एकेक नाव दिलं. कडूबाईच्या वाट्याला आली चंपा अप्पाराव कोकरे. अप्पाराव गावातला बारा एकरांचा बागाईतदार, आणि चंपा दोन वर्षांपूर्वी वैजापूरकडं दिलेली.

"पन बाई, चंपाताईला तर लेकरू झालंय की!"

सगळा वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, "उद्याच्या दिवस नाही झालेलं."

पुन्हा हशा. त्यात कडूबाई मात्र विचार करत होती. मग तिनं हळूच विचारलं, "बाई, हे खोटं नाय का?"

बाई म्हणाल्या, "हा नाटकातला भाग आहे असं समज. जूनला तू तिथंच बसायची आहेस. तुझ्या नावानं."

"नक्की ना, बाई?"

"मी सांगतेय ना!"

मंगळवारी सकाळी बाईंनी आधी आपल्या शाळेची हजेरी भरली. बावीस पोरं सातवीच्या वर्गात हजर. कागदावर शाळा रिकामी दिसायला नको, म्हणून. मग त्याच बावीस पोरांना बांधाबांधानं घेऊन त्या पत्र्याच्या शेडात गेल्या. मल्हाररावांनी साहेबांना ओळख करून दिली, "ह्या आमच्या सहशिक्षिका," आणि बाईंनी हात जोडले. साहेब बीडहून नवेच बदलून आलेले, त्यांना कोण कुठलं काय ठाऊक? त्यांनीही हात जोडले.

हजेरी नीट झाली. चाळीस नावं, चाळीस 'हजर'. साहेबांना एवढ्यावर उठता आलं असतं, पण ते हाडाचे मास्तर निघाले. म्हणाले, "एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर?"

आठवीतला खराखुरा पोरगा उठला आणि म्हणाला, "नऊ तास."

भिकनचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून आवाज आला, "दोन तास."

"कसे गं?"

"पयला नळ तासात सहावा हिस्सा भरतो, दुसरा तिसरा हिस्सा. मिळून झाली अर्धी. मंग अख्खी दोन तासात." आणि थांबून म्हणाली, "पन साहेब, दोन्ही नळांना पाणी पाहिजे."

त्या साली टँकरमागं धावणारं गाव ते. साहेब एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "नाव काय तुझं?"

"चंपा अप्पाराव कोकरे."

"वडील काय करतात?"

हर्सूलच्या जेलातून सुटलेल्या बापाच्या हातात हात घालून ही पोरगी वस्तीभर मिरवलेली. 'बाबा काय करतात' या विषयावर तिनं निबंध लिहिला होता, आणि तो बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता. तिनं मान वळवून बाईंकडं पाहिलं. विचारतच होती ती.

बाईंनी मान हलवली. एवढीशीच. साहेबांना दिसलीही नसेल.

"शेती करत्यात," कडूबाई म्हणाली. "बारा एकर."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, की इयत्ता आठवीची विद्यार्थिनी कुमारी चंपा कोकरे हिची तयारी उत्तम आहे. एप्रिलअखेर अनुदान मंजूर झालं.

जूनमध्ये मल्हाररावांनी बावीसपैकी एकोणीस घेतली. राहिली ती वस्तीवरची तीन. दोघं पोरगे होते, ते सायकलीनं वाळूजला जाऊ लागले. राहिली कडूबाई.

बाई तडक शेडात गेल्या. "मामा, बावीस म्हणाला होतात."

"तुकडी भरली, म्हाळसे."

"कशानं भरली? तुमच्या पटावर चंपा नववीत चढलीय, ती तिकडं दुसऱ्यांदा बाळंत होतीय! कोणाच्या जिवावर आलं हे अनुदान?"

"हळू बोल. तो मोतीराम नामांतराच्या मोर्च्यात पुढं असतो. त्याची पोर माझ्या वर्गात बसली तर उद्या अप्पारावसारखे आपल्या पोरी काढून नेतील. मला शाळा चालवायचीय. तुला काय, तुझी सरकारी."

"सरकारी तर तुमचीही झालीय आता! पगार कोण देणार आहे?"

कोपऱ्यातल्या टेबलावर भिकन कागद लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही. बाई निघाल्या तेव्हा तो मागोमाग बाहेर आला. "आक्का, माझ्या नेमणुकीच्या मान्यतेवर सही व्हायची राहिलीय. एक महिना. फक्त एक महिना काही बोलू नको."

त्याचा शर्ट कॉलरपाशी उलटून शिवलेला होता. बाई चालू लागल्या.

त्या आठवड्यातच मोतीराम शाळेत आला. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मागं दाराशी कडूबाई उभी.

"बाई, म्या भांडाया नाय आलो. पोरीनं घरी समदं सांगितलं. त्या दिवशी तिला तिथं बसिवली, तिचं गणित बघून साहेब खूश झाला. तेवढं तुम्ही कागदावर लिवून द्या. म्या औरंगाबादला जाऊन साहेबाला दावतो. बाकी काय नाय मागत."

"मोतीराम, तसं लिहिता येत नाही."

"का नाय येत? खोटं हाय का?"

बाईंना एक वाक्य पुरलं असतं, की खरं आहे पण मी लिहिणार नाही. भित्रेपणा झाला असता, पण निदान खोटेपणा झाला नसता. त्याऐवजी त्या उठल्या, कपाट उघडलं, सातवीचं हजेरीपत्रक काढलं आणि फेब्रुवारीचं पान मोतीरामसमोर धरलं. "हे बघा. त्या दिवशी ती माझ्या वर्गात हजर आहे. सरकारी कागद आहे हा. मी लिहून दिलं तरी साहेब हे मागवतील. या कागदापुढं तुमचं कोण ऐकणार?"

मोतीरामला वाचता येत होतं. त्यानं बोट ठेवून पोरीचं नाव वाचलं, तारीख वाचली. मग बाईंकडं बघितलं. "म्हंजी माझी पोर खोटं बोलली?"

बाईंचा हात पानावर तसाच राहिला.

दारातून कडूबाई म्हणाली, "चला, बाबा. बाई बरोबर म्हन्तात. मी त्या दिवशी हितंच व्हते."

तिनं हे बापाकडं बघून म्हटलं. बाईंकडं तिनं पाहिलं नाही. तेरा वर्षांच्या पोरीनं बाईंची अडचण ओळखली आणि जाता जाता ती सोडवून दिली. मोतीराम उठला. जाताना त्यानं 'येतो' म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पंधरा दिवस बाई अर्ध्या जेवणावरून उठत होत्या. नवरा सूर्यभान एसटीत कंडक्टर. तो म्हणाला, "काविळीचं बघून घे." शेवटी बाईंनी सगळं लिहून काढलं. पोरं कशी नेली, नावं कशी दिली, हजेरी कोणी भरली, खाली सही, हुद्दा, शिक्का. रजा टाकली, आणि औरंगाबादेत उस्मानपुऱ्यातल्या आपल्या राहत्या खोलीवरून पायीच शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. तेच साहेब बसलेले. त्यांनी बाईंना पाहताच ओळखलं आणि चेहरा उजळला.

"या, या! बाभुळवाडीच्या ना? अहो, तुमची ती चंपा कशी आहे? दोन्ही नळांना पाणी पाहिजे! घरी बायकोला सांगितलं मी. बाई, ती पोरगी बोर्डात येईल, लिहून ठेवा. तिला सोडू नका."

बाईंचा हात पर्समध्ये होता, कागदावर. यापेक्षा सोपी वेळ देवानंही आणून दिली नसती. साहेब भला माणूस होता, त्यानंच विचारलं होतं, आणि पोरगी त्याला आठवत होती. आता म्हणायचं होतं एवढंच, की साहेब, ती चंपा नाही. पण ते म्हटलं की शेडात हात जोडून उभी राहिलेली सहशिक्षिका कोण, हेही सांगणं आलं. या हसऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला बघून बदलताना पाहणं आलं. नोकरी, भिकन, मामा, सगळं मागाहून आठवलं. आधी भीती वाटली ती त्या चेहऱ्याची.

"बरी आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "अभ्यास करते."

"छान! काय काम काढलंत?"

"काही नाही. बसस्टँडकडं चालले होते."

महिनाअखेर भिकनच्या मान्यतेवर सही झाली. तो पेढे घेऊन आला, पाया पडला. बाईंनी पेढा घेतला आणि खाल्लासुद्धा. खाल्ला नाही असं सांगता आलं तर बरं वाटलं असतं, पण खाल्ला.

बाई पुढं चौदा वर्षं नोकरीत होत्या. बदली मागून पैठणकडं गेल्या. एका वर्षी तालुक्याचा आदर्श शिक्षिकेचा मान त्यांना देऊ केला, तो त्यांनी नाकारला, तर लोक म्हणाले काय हा विनय! भिकन त्याच शाळेत हेडमास्तर झाला. शाळा चांगली चालली, निकाल चांगला लागायचा, वस्तीवरच्या पोरांनाही पुढं घ्यावं लागलं, कारण पट भरायला तीही लागू लागली. कडूबाईला त्याचा उपयोग नव्हता.

तिचा सातवी पासचा दाखला मात्र बाईंच्या कपाटातच पडून होता. न्यायला कोणी आलं नव्हतं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर बाईंनी तो घेतला आणि वस्तीवर गेल्या. मनकर्णाबाई दारात भांडी घासत होती. तिनं या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. राखेच्या हातानंच रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या वर्कशॉपकडं दाखवलं.

आत सात-आठ बायका जमिनीवर बसून स्कूटरचे नट-बोल्ट निवडत होत्या. त्यात कडूबाई. समोर चार डबे, आणि हात असा चालत होता की बघणाऱ्याची नजर ठरत नव्हती. शेजारची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "ही मोजत नाय बाई, नुसतं बघून सांगती किती हायती ते."

बाई तिच्यापुढं उभ्या राहिल्या. "कडू, दाखला आणलाय तुझा."

कडूबाईनं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. राग नव्हता. बाजारात ओळखीचं कोणी दिसावं तेवढंच होतं.

"कामात हाय, बाई. ठेवा तिथं खोक्यावर," ती म्हणाली, आणि हात परत डब्याकडं गेला. "वर कायतरी वजन ठेवा. उडंल."

बाईंनी खाली वाकून एक नट उचलला, कागदावर ठेवला, आणि कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं बाहेर आल्या.